अंडी आणि अंतरात्मा

इंग्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसानं प्रवासवर्णन लिहिलंच पाहिजे, असा आपल्याकडे दंडक आहे. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली आली आणि तेव्हापासून परदेशातून परतलेला मराठी माणूस विमानतळावर आधी बॅगा शोधतो की कागद, हे सांगणं कठीण झालं आहे. मी प्रवासवर्णन लिहिणार नाही. एक तर मी तिथं पंधराच दिवस होतो. त्यातले दोन झोपेत गेले, कारण देह इंग्लंडात असला तरी डोळे हिंगोलीच्या घड्याळावर चालत होते; आणि एक सौ.चा हातमोजा शोधण्यात गेला. (तो पुढं तिच्याच कोटाच्या खिशात सापडला. त्या दिवसाचं वर्णन मी कुठंच करू शकत नाही.) दुसरं म्हणजे तिथले राजवाडे, पूल आणि घड्याळं यांच्याबद्दल माझ्यापेक्षा बऱ्या लोकांनी लिहून ठेवलंय. मला सांगायचंय ते चाळीस पेन्सांबद्दल.

पण आधी गेलो कसा ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील बँकेतल्या कारकुनाला इंग्लंड परवडलं कसं, आणि आमच्या धंद्यात असले प्रश्न उठलेले चांगले नसतात. सौ.च्या बहिणीचा मुलगा तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीवर आहे. लंडनपासून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर राहतो. “काका, एकदा याच,” असं तो चार वर्षं फोनवर म्हणत होता. आपण कोरडं म्हणतोय आणि समोरचा ते खरं धरेल, अशी कल्पना त्या पोराला नसावी. मी आठ वर्षं जमवलेलं रिकरिंग मोडलं.

व्हिसाच्या कागदांत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडावं लागतं. वीस वर्षं मी लोकांना स्टेटमेंट काढून देतोय आणि देण्याआधी “दुपारून या” म्हणतोय. स्वतःचं काढलं तेव्हा पहिल्यांदाच ते वाचून पाहिलं. महिनाअखेरीला पगार जमा होतो आणि पुढच्या दहा तारखेपर्यंत खातं पुन्हा वैराग्याला पोचतं. हे पाहून इंग्रज सरकार मला बोलावील असं काही वाटेना. तेव्हा आमचे शेजारी, निवृत्त गुरुजी, एक मार्मिक वाक्य बोलले. आमची हिंगोली म्हणजे निजामाच्या राज्यातली जुनी छावणी. हैदराबाद कंटिन्जंटची फौज इथं असायची आणि तिचे अंमलदार इंग्रज. गुरुजी म्हणाले, “ते लोक हिंगोलीला आले तेव्हा त्यांना सहा महिन्यांचं स्टेटमेंट कुणी मागितलं असतं, तर पुढचा बराच इतिहास टळला असता.”

असो. व्हिसा मिळाला. सौ.नं वसमतची हळद, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून घेतली की आम्ही पाहुणे म्हणून चाललोय की दुकान टाकायला, असा संशय मलाही आला.

तर इंग्लंडात पाऊल ठेवलं आणि माझ्यात एक आश्चर्यकारक फरक पडला. मी सभ्य झालो.

म्हणजे याआधी असभ्य होतो असं नाही. पण हिंगोलीच्या स्टँडवर एसटी लागली की चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, आणि एकदा तर लहान मूल आत टाकून जागा धरणारा मी. (मूल आमचंच होतं.) तोच मी तिकडे बसथांब्यावर एकामागं एक उभ्या असलेल्या तीन माणसांच्या मागं चौथा म्हणून उभा राहिलो, आणि बस आल्यावर पहिल्याला आधी चढू दिलं. उतरताना ड्रायव्हरला “थँक्यू” म्हटलं. आपल्याकडे ड्रायव्हरला उतरताना लोक जे म्हणतात त्यात थँक्यू बसत नाही. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्यांना मोकळी सोडायची, हे मी एका दिवसात शिकलो. रस्त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मी पाय टाकायच्या बेतात असतानाच मोटार थांबायची. पहिल्यांदा मला तो सापळा वाटला. मी मागं सरलो, मोटार थांबूनच, मी पुढं, मग मागं. शेवटी आतल्या बाईंनी हात जोडायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. चॉकलेटचा कागद मी दीड तास खिशात घेऊन हिंडलो, कारण कचऱ्याचं पिंप दिसेना. हिंगोलीत कागद आणि माझा हात यांची गाठ इतका वेळ कधी राहिलेली नाही.

सौ. म्हणाली, “इथं कसं शहाण्यासारखं वागायला जमतंय तुम्हाला.”

लग्नाला एकवीस वर्षं झाली की बायकोच्या वाक्यातला मुख्य शब्द कुठला ते नवऱ्याला बरोबर कळतं. मुख्य शब्द ‘इथं’ हा होता.

आता अंड्यांकडे येतो. एका रविवारी भाच्यानं आम्हाला गावाबाहेर फिरायला नेलं. शेतांच्या कडेनं पायवाट. एका फाटकापाशी एक छोटं लाकडी टेबल, त्यावर अंड्यांचे खोके, सहा-सहाचे. शेजारी एक पत्र्याचा डबा, वर फट पाडलेली. पाटीवर लिहिलेलं, सहा अंडी दोन पौंड. आणि माणूस? माणूस नाही. मी फाटकातून आत पाहिलं, झाडामागं पाहिलं, वर कॅमेरा आहे का पाहिलं. चार कोंबड्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

“मालक कुठाय?” मी विचारलं.

“असेल घरात. पैसे डब्यात टाकायचे, अंडी न्यायची. खेड्यांत चालतं असं पुष्कळ ठिकाणी,” भाचा म्हणाला.

वाचकहो, मी कॉमर्सचा पदवीधर. ऑडिटिंगला मला एकोणसाठ मार्क होते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि ती दोन माणसं एकमेकांकडे बघतच तिजोरी उघडतात. संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. दहा रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातून भरायचे. आणि दहा जास्त आले तर त्याहून मोठं लचांड, कारण मग ते कुणाचे ते सांगायचं. अशा धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो उघड्यावरचा डबा पाहून घेरीच यायची. ना पावती, ना रोजकीर्द, ना शिलकी साठा. सकाळी किती खोके ठेवले, संध्याकाळी किती उरले, हे कुणी लिहीत असेल का? मी पाच मिनिटं तिथं इन्स्पेक्शन करत उभा होतो. शेवटी भाच्यानं दोन पौंडांचं नाणं टाकलं आणि आम्ही अंडी घेतली.

त्याच संध्याकाळी त्यानं दुसरी एक गोष्ट सांगितली आणि माझा इंग्रजांविषयीचा भक्तिभाव जरा जागेवर आला. तिकडच्या पोस्टानं होरायझन नावाची कॉम्प्युटरची पद्धत आणली. पोस्टाची छोटी काउंटरं खेड्यांतले दुकानदार चालवतात. कॉम्प्युटर सांगू लागला, तुमच्याकडे रोख कमी आहे. ती माणसं शपथेवर सांगत होती, आम्ही पैला हात लावला नाही. पण यंत्र खोटं बोलत नाही, असं वरच्यांचं म्हणणं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसांवर चोरीचा, खोट्या हिशेबाचा ठपका बसला. कुणी घरदार विकून भरपाई केली, कुणी तुरुंगात गेलं. आणि चूक यंत्राची होती. अखेर २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. ज्या देशात न बघता अंड्यांचा डबा वाटसरूच्या हवाली करतात, त्याच देशात आपल्या पोस्टमास्तरावर मात्र कुणाचा विश्वास बसला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘कॅश शॉर्ट’ हे दोन शब्द ज्यानं भरल्या पोटी ऐकलेत, त्यालाच ते समजेल.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सौ.नं ऑम्लेटसाठी अंडी आणायला पाठवलं. मी एकटाच त्या फाटकापाशी गेलो. खिशात नोट नव्हती. नाणी मोजली तर एक पौंड साठ पेन्स. चाळीस पेन्स कमी.

आता हिशेब साधा आहे. परत जावं, पैसे आणावेत, पुन्हा यावं. वीस मिनिटं जायला, वीस यायला, वर पाऊस भुरभुरत होता. किंवा चार अंडी घ्यावीत आणि दोन खोक्यात ठेवावीत. पण मग पुढच्या गिऱ्हाइकाला दोन अंड्यांचा खोका बघून काय वाटेल? मी दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी एक पौंड साठ पेन्स डब्यात टाकले, म्हणजे असे टाकले की नाण्यांचा आवाज भरपूर व्हावा, आणि खोका उचलून चालू लागलो. उद्या जाताना टाकू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी टॅक्सी पहाटे चारला आली आणि ती त्या रस्त्यानं गेलीच नाही.

झालं. विमानात बसलो तेव्हापासून ते चाळीस पेन्स माझ्या मागं लागले. रुपयांत पंचेचाळीसच्या आसपास. हिंगोलीत एवढ्यात दोन माणसांचा चहाही भज्यांसकट होणार नाही. पण मला वाटू लागलं की तो मालक संध्याकाळी डबा उघडील, मोजील आणि म्हणेल, परवा ते परदेशी जोडपं फिरत होतं, त्यांचंच काम. माझ्यामुळं भारताचं नाव गेलं. छत्रपतींचं गेलं. औंढ्याच्या नागनाथाचंही थोडंफार गेलंच असणार.

ही झाली तिकडची गोष्ट. आता इकडची.

मुंबईला विमानाची चाकं टेकली, आणि विमान थांबायच्या आत मी उठून उभा राहिलो. का उठलो ते सांगता येणार नाही. दार तर बंद होतं. सामानाच्या पट्ट्यापाशी एका आजोबांच्या पुढं ट्रॉली घातली. परभणीला उतरून हिंगोलीच्या गाडीपाशी गेलो तेव्हा माझा हात आपण होऊन खिशात गेला, रुमाल बाहेर आला आणि खिडकीतून नेमका तिसऱ्या बाकावर जाऊन पडला. पंधरा दिवसांची रजा होती, पण नेम चुकला नव्हता. सौ. नुसती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “बस की आता.” ती बसली. त्या रुमालावरच बसली.

हे मी गुरुजींना सांगितलं, आणि त्यांना विषयच पाहिजे असतो. ते म्हणाले, प्लेटोच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. गायजीस नावाच्या धनगराला एक अंगठी सापडली. ती फिरवली की तो अदृश्य व्हायचा. मग त्यानं राणीला फितवलं, राजाला मारलं आणि गादी बळकावली. प्रश्न असा की अशी अंगठी तुम्हाआम्हाला मिळाली, तर आपण सज्जन राहू का? म्हणजे आपला सज्जनपणा कुणी बघतंय म्हणून आहे, की आपला आहे म्हणून आहे?

“गुरुजी,” मी म्हटलं, “चाळीस पेन्सांना अंगठीसुद्धा लागली नाही.”

“त्याहून जवळची गोष्ट सांगू? तुमच्या तालुक्यातलीच.” नरसी हे नामदेवांचं जन्मगाव म्हणून आम्ही मानतो. गोरोबाकाकांनी मडकं कच्चं ठरवल्यावर नामदेव गुरू शोधायला औंढ्याला आले, तर देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून आडवे पडलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, म्हाताऱ्याला पाय हलवत नाहीत. जिथं देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि जिथं ठेवावे तिथं पिंड. “सगळीकडे देव आहे असा याचा अर्थ काढतात,” गुरुजी म्हणाले, “मी दुसरा काढतो. नामदेवाला देव पंढरपुरातच दिसायचा, तसा तुम्हाला रस्ता क्रॉस करायचा नियम लंडनातच दिसतो.”

मी म्हटलं, हे बोलायला सोपंय. तिकडे व्यवस्था चांगली आहे. बस दहा मिनिटांनी पुन्हा येणार हे ठाऊक असेल तर कोण कशाला ढकलाढकली करील? दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे रेशन लागू झालं ते १९५४ पर्यंत चाललं. चौदा वर्षं रेशनला उभं राहिलं की मुलाबाळांना रांग आपोआप येते.

“रेशन आपल्याकडे नव्हतं?” गुरुजींनी विचारलं.

होतं. १९७२च्या दुष्काळात माझे वडील मिलोच्या लाल ज्वारीसाठी दिवस-दिवस उभे राहिल्याचं सांगायचे. आणि रांगेचं म्हणाल तर २०१६च्या नोव्हेंबरातली रांग मी काउंटरच्या आतून पाहिली आहे. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा लोक पहाटे पाचला येऊन बसायचे, आणि ऊन वाढलं की जागेवर चपला ठेवून झाडाखाली जायचे. दीडशे चपलांची रांग असायची. एकही चप्पल दुसरीच्या पुढं घुसली नाही. म्हाताऱ्यांनी पासबुकं दगडाखाली ठेवलेली, वाऱ्यानं पानं उडायची, पण क्रम मोडत नव्हता. तेव्हा रांग आपल्या रक्तात नाही हे काही खरं नाही. चपलांच्या रांगेत कुणी घुसलं नाही, ते बँकेच्या मागच्या दारानं घुसलं. आणि ते दार आतून मी उघडत होतो. ओळखीचे होते, काय करता? एकाच्या मुलीचं लग्न होतं. बाकीच्यांच्या मुलींची नव्हती.

हे मी गुरुजींना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हिंगोलीचे नसाल असं गृहीत धरलंय.

माझी शाखा हिंगोलीहून अर्ध्या तासावरच्या गावी आहे. परतल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. निराधारचे पंधराशे रुपये जमा झाले होते. त्या दिवशी शाखेत जी गर्दी असते ती पाहून कुणाही देशभक्ताचं मन खिन्न व्हावं. म्हातारी माणसं, एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात काठी. अंगठ्याच्या रेषा कामानं झिजलेल्या, त्यामुळे यंत्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतंय. त्यात हळदीचा हंगाम. मोंढ्यातले आमच्या ओळखीचे एक आडतदार आतल्या दारानं आले. शेतकऱ्याला रोख द्यायची होती, मोठा चेक होता. “राव, लंडनचं काय सांगता?” म्हणाले. मी लंडनचं सांगत सांगत त्यांची रोख मोजून दिली. रांगेत उभं राहिलेल्यांना फुकटात लंडन ऐकायला मिळालं, असंही त्या वेळी मला वाटून गेलं. तीनच्या सुमारास कॅश संपली. वरून गाडी येईपर्यंत थांबा, असं रांगेला सांगितलं. गाडी आली ती वेळ संपता संपता. मग दहा-पंधरा जणांना “उद्या या”.

दुसऱ्या दिवशी मी तिकडून आणलेलं जाकीट घालून शाखेत आलो. (एप्रिलात. लोकांना दिसायला पाहिजे ना.) पायरीवर एक आजी बसलेली. बँक उघडायला अजून अवकाश होता.

“आजी, इतक्या लवकर कामून आलाव?”

“आले कवा? गेलेच नाय. यष्टी गेली कालच. ऱ्हायले स्टँडवर.”

“रात्रभर?”

“मग? तिकिटाला पैसं कुठं व्हते. पैसं तर तुमच्याकडंच व्हते ना, साहेब.”

हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ग्राहक चिडला की काय बोलायचं याचं आम्हाला ट्रेनिंग आहे. ती हसून बोलत होती. मी काहीतरी पुटपुटलो, की काल रोख जरा… तर तीच माझी समजूत घालू लागली, “त्या मोठ्या माणसाचं आधी करायलाच लागतंय की. त्यांचं काम मोठं ऱ्हातंय.”

वाचकहो, इंग्लंडातल्या एका अनोळखी कोंबडीवाल्याचे चाळीस पेन्स मी बुडवले म्हणून मी पाच रात्री तळमळत होतो. आणि या बाईची एक रात्र मी बुडवली, ती मला रोज संध्याकाळी जुळणाऱ्या रोखीत कुठं दिसलीसुद्धा नाही. माझी कॅश त्या दिवशी पैशापर्यंत बरोबर जुळली होती. मी समाधानानं घरी गेलो होतो.

आमच्या औंढ्याजवळ आता लायगो नावाची वेधशाळा व्हायची आहे. सरकारनं २०२३ साली तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवर कुठं दोन कृष्णविवरं आदळली तर त्यानं उठलेला, अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक थरथराट ती टिपणार म्हणे. ते वाचल्यावर मला माझ्या अंतरात्म्याची रचना प्रथमच समजली. लांबचं त्याला फार बारीक कळतं. पायरीवर बसलेलं माणूस त्याच्या मापात येत नाही.

कदाचित असंही असेल की तिकडे मी सभ्य झालोच नव्हतो. मी पाहुणा होतो. पाहुणा दुसऱ्याच्या घरी पाण्याचा तांब्या उचलून ठेवतो, आणि स्वतःच्या घरी जेवल्या ताटातच हात धुतो. मग खरा मी कुठला? सौ.ला विचारलं तर तिनं “ताट उचला आधी” एवढंच उत्तर दिलं.

त्या दिवशी रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, बाबा, एवढं काम कर, त्या डब्यात चाळीस पेन्स टाकून ये. तो पोट धरून हसला. पण गेला बिचारा. त्याच्याकडे सुटे नव्हते (तिकडे सगळे कार्ड टेकवतात, नाणी फक्त अंड्यांसाठीच बाळगतात), म्हणून त्यानं अख्खा पौंड टाकला. म्हणजे आता त्या डब्यात माझे साठ पेन्स जास्त आहेत. नियमाप्रमाणे तेही त्यांना कुठंतरी दाखवावं लागेल. तो मालक त्यापायी तळमळतोय असं अजून तरी कळलेलं नाही.

इकडचं इतक्या स्वस्तात मिटेना. पुढच्या आठवड्यात आडतदार आतल्या दारानं आले तेव्हा मी म्हटलं, “शेठ, आज जरा रांगेत या.” ते आधी हसले, मग थांबले, मग मॅनेजरसाहेबांच्या केबिनकडे बघितलं. “लंडनला जाऊन आल्यापासून राव बदलले,” असं मोंढ्यात झालं. म्हणजे चार लोकांत बरं वागलं तर त्याचंही श्रेय इंग्रजांना. तीन दिवस मी तग धरला. चौथ्या दिवशी केबिनमधून शिपायाच्या हाती एक चेक आला, वर साहेबांची सही, ‘कृपया लवकर’. मी तो घेतला. घेतला, हे लिहून ठेवतो. मला पुढची बढती नकोय असं मी म्हणू शकतो. पण बदली मात्र मला वसमतच्या पलीकडे नकोय.

पुढच्या महिन्यात पुन्हा निराधारचे पैसे जमा झाले. रांगेत ती आजी दिसली. मला काय वाटलं कोण जाणे, काउंटरवरून उठून हाक मारली, “आजी, तुम्ही या इकडं. तुमचं आधी करतो.”

लगेच मागून एकजण ओरडला, “तिचं कामून आधी? आमी काय सकाळपासून गोट्या खेळायलाव का?” बरोबर होतं त्याचं. त्याचाही स्टँड होता, त्याचीही एसटी होती. मी तोंड उघडं टाकून उभा. एका म्हातारीला रांगेमुळं झालेला त्रास भरून काढायला मी दहा म्हाताऱ्यांची रांग मोडायला निघालो होतो, आणि तेही सगळ्यांना दिसेल अशा मोठ्या आवाजात.

आजीनं नुसता हात हलवला. “ऱ्हाऊ द्या साहेब. माझा लंबर आला की येते. आज लवकर आलेय मी.” आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, पदरातून तंबाखूची पुडी काढली.

तिच्या आधी दहा जण होते. मी चष्मा पुसला आणि पहिल्याची स्लिप घेतली. मागचं दार त्या दिवशी शिपायाला सांगून आतून कडी लावून ठेवलं होतं. साडेबारापर्यंत दोनदा वाजलं.